काळ्याची जागा

एका फोटोवर दुसरा ठेवायचा, ओपॅसिटी अर्ध्यावर आणायची की झालं डबल एक्स्पोजर, अशा समजुतीने नवी मुलं कामाला लागतात. मग चेहराही राखाडी, झाडही राखाडी आणि डोळ्यांतून फांद्या. ही झाली सरासरी. फिल्मवर असते बेरीज. एकाच फ्रेमवर दोनदा उजेड पडतो, आणि पडलेला उजेड परत काढता येत नाही. म्हणून जुने फोटोग्राफर दोन्ही वेळा साधारण एकेक स्टॉप कमी एक्स्पोजर द्यायचे.

फोटोशॉपमधला ‘स्क्रीन’ हा ब्लेंड मोड या बेरजेच्या जवळ जातो. 128 चे दोन राखाडी पिक्सेल अर्ध्या ओपॅसिटीने मिसळले तर 128च राहतात. स्क्रीनमध्ये त्यांचे 192 होतात. पांढऱ्यावर काहीही टाका, पांढरंच राहतं. काळ्यावर मात्र दुसरं चित्र जसंच्या तसं उमटतं. म्हणून पोर्ट्रेट निवडताना मी चेहऱ्याआधी केस, हनुवटीखालची सावली, गडद शर्ट बघते. मागे पांढरी भिंत, उजेड मागून आणि माणूस एका बाजूला वळलेला असेल तर कापाकापी जवळजवळ लागतच नाही. झाड माणसाच्या आत उरतं, बाहेरचं भिंतीच्या उजेडात विरून जातं. मानेवर सुटलेली बटसुद्धा टिकते. मास्क कापून केलेल्या कामात तीच आधी जाते.

आत काय भरायचं, हा खरा प्रश्न. 2014 च्या ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ मालिकेच्या शीर्षकांत पॅट्रिक क्लेअर आणि इलास्टिक स्टुडिओने माणसांच्या आकृत्यांत लुइझियानाचे तेल-रसायनांचे कारखाने भरले. त्या प्रदेशाने पोखरलेली माणसं ही गोष्टच तशी होती, म्हणून ते शोभलं. पुढे मानसिक आरोग्याच्या प्रत्येक पोस्टरवर डोक्यात जंगल उगवलं, त्याला मात्र काही कारण नव्हतं. (पाइनचं जंगल, तेही आपल्याकडे!)

ग्राहकांची फर्माईश ठरलेली: “ताई, चेहरा जरा उजळ करा ना.” मध्यंतरी एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या दाढीत मी नदीचा घाट बसवला होता. तिथे प्रकाशकांचंही तेच. वाद न घालता मी कर्व्हज उघडले आणि त्यांच्यासमोरच चेहरा उजळवत गेले. गालाजवळचा घाट फिकटला, मग पायऱ्या गेल्या, मग होडी.

“असू दे, असू दे,” प्रकाशक म्हणाले. “पहिला होता तोच द्या.”