चिन्हांचं पुस्तक

कल्याणच्या आरटीओबाहेर मिळणारं चिन्हांचं पातळ पुस्तक घरात आलं ते दादाच्या लर्निंग लायसन्ससाठी. अभ्यासाला मात्र अख्खं घर बसलं. आम्ही सख्खी-चुलत भावंडं आजही जमलो की त्या संध्याकाळच्या आठवणी निघतातच.

आमचं चामटोली बदलापूर आणि वांगणीच्या मधे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस इथे अडकली, तेव्हा गावाचं नाव सगळीकडे पोहोचलं. त्याच्या कितीतरी आधीपासून दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळ्यासाठी आम्हाला बदलापूर गाठावं लागे. दारात दुचाकी येणं ही मोठी गोष्ट होती, आणि दुचाकीआधी लायसन्स हवं, हा बाबांचा हट्ट.

परीक्षा १५ प्रश्नांची, ९ बरोबर आले की पास. त्रिकोण सावध करतो, गोल हुकूम देतो, चौकोन माहिती देतो. हे तर धाकट्यांनाही पाठ झालं. पण उत्तरामागचं कारण सांगायचे आजोबा. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. घाटात समोरासमोर आलेल्या गाड्यांपैकी आधी वाट कुणाला, असं दादाने विचारलं, तर ते लगेच म्हणाले, "चढणाऱ्याला. चढावर थांबलेली भरली गाडी परत हलवताना बैलांचा जीव जातो." उभा जन्म बैलगाडी हाकलेला माणूस तो. पुस्तकातलं उत्तरही तेच होतं.

पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर काय कराल? धाकटे ओरडले, हॉर्न वाजवू! आजीला ते अजिबात आवडलं नाही. काठी दिसली की गाडी थांबलीच पाहिजे, हे तिने सगळ्यांकडून म्हणून घेतलं.

खरी गोडी लागली काकीला. सातवीत शाळा सुटलेली, त्यामुळे परीक्षा म्हटली की तिच्या पोटात गोळा यायचा. दुचाकीच्या लायसन्सला शिक्षणाची अट नाही हे कळल्यावर भाकऱ्या थापता थापता ती आम्हाला प्रश्न विचारायला लावू लागली. रक्षक नसलेल्या रेल्वे फाटकाचा प्रश्न तिचा ठरलेला. मोटार वाहन कायद्याचं १३१ वं कलम सांगतं की, गाडी थांबवायची, सोबत्याने रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजू पाहायच्या आणि मग गाडी पुढे आणायची. एकटे असाल तर स्वतः उतरायचं. रुळांलगत आयुष्य काढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नाही. लर्निंग हातात आलं त्या दिवशी काकीने गाडीवर लाल 'एल' स्वतः चिकटवला. महिना उलटल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणीही ती पास झाली. घरातली गाडी चालवणारी पहिली बाई.

जून २०२१ पासून लर्निंगची परीक्षा आधारच्या जोरावर घरबसल्या देता येते. कल्याणच्या एका फेरीत ज्यांची दिवसाची मजुरी बुडायची, त्यांच्यासाठी हे फार चांगलं झालं. पण एकट्याने मोबाइलवर उत्तरं घोकली की आजोबांचे बैल कुठून भेटणार, ही खंत आम्हा सगळ्यांनाच आहे. म्हणून आमच्याकडे पोरांनी अर्ज भरण्याआधी काकी तोंडी परीक्षा घेते. ब्रॉडगेजवरची रक्षक नसलेली सगळी फाटकं २०१९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, तरी १३१ व्या कलमाचा प्रश्न ती कुणालाही सोडत नाही.