पाहुणे थोडे, दर चढा : भूतान

भूतानच्या सहलीचा हिशेब मांडायला वही घेऊन मीच बसले होते. गाडी, खोल्या, जेवणखाण सगळं धरलं, आणि मग कळलं, की याखेरीज तिथलं सरकार भारतीय पाहुण्यांकडून माणशी रोज बाराशे रुपये घेतं. लहान मुलांचे निम्मे. पाच रात्री, आम्ही दोघं नि दोन मुलं, म्हणजे अठरा हजार! "एवढ्यात महाबळेश्वर होईल," असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा.

पण या देशाची रीत पहिल्यापासून हीच. १९७४ साली, राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, भूतानने परदेशी प्रवाशांना दार उघडलं, पण किलकिलंच. पाहुणे थोडे यावेत, आलेल्यांनी चांगला पैसा द्यावा, जंगलं आणि मठ तुडवले जाऊ नयेत. त्या पैशातला वाटा शाळांना नि दवाखान्यांना. आपल्याला मात्र फुकट होतं. मग आपलीच गर्दी फार वाढली. २०२० मध्ये आपल्यालाही शुल्क लावण्याचा कायदा झाला. तेवढ्यात करोना आला, सीमा बंद झाली, ती उघडली २०२२ च्या सप्टेंबरात. तेव्हा इतर परदेशी पाहुण्यांचा दर रोजचे दोनशे डॉलर केला होता. पाहुणे रोडावले, तसा वर्षभरात तो शंभरावर आणावा लागला. दर किती चढवायचा हे घरच्या शिकवणीलाही कळत नाही, मग देशाला कुठून कळणार!

(जाताना मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट घ्याच, आधार कार्ड चालत नाही. मुलांचे जन्मदाखले हवेत.)

पारोला आम्ही एका शेतकरी बाईंकडे उतरलो. लाल तांदळाचा भात आणि 'एमा दात्शी', म्हणजे चीजमधली मिरच्यांची भाजी. हो, मिरच्यांचीच! मुलं पाणी पीत राहिली, बाई हसत राहिल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अडीच वर्षं एक पाहुणा नव्हता. तुमच्या बाराशेतलं माझ्या हातात काही येत नाही. पण माझ्या गुडघ्याच्या इलाजाला मला पैसा पडला नाही."

मुलगी हॉटेलात कामाला होती. हॉटेल बंद पडलं, तशी ती ऑस्ट्रेलियाला गेली. तिथे जाणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. आता पाहुणे परत येताहेत, पण भाकरीतुकडा वाढायला घरात बाई एकट्याच. मी ताटं उचलू लागले तर हात धरून बसवलं.

आम्ही झोपलो ती खोली त्या मुलीची. भिंतीवर तिची शाळेतली प्रशस्तिपत्रं अजून तशीच होती.