सरहद्द आणि रूळ

परदेशी जायचे म्हणजे विमानानेच, अशी आपल्याकडे समजूत आहे. समुद्र ओलांडायचा असेल तर ते खरेच. पण शेजारच्या देशात रेल्वेनेही जाता येते, आणि रेल्वेची खरी परीक्षा सरहद्दीवरच होते, असे आम्हा उभयतांना वाटते.

मुलीकडे ब्रुसेल्सला गेलो असता आम्ही रेल्वेने जर्मनीतील कोलोन शहर पाहून आलो. प्रवास जेमतेम दोन तासांचा. डबा स्वच्छ, हादरे नाहीत. मोबाइलवर संदेश आला तेव्हा कुठे समजले, की बेल्जियम मागे पडले! शेंगेन करारानुसार १९९५ पासून तिकडच्या अनेक देशांतील सरहद्दीवरची नेहमीची तपासणी उठली. अलीकडे काही देशांनी ती पुन्हा सुरू केली आहे. आमच्या डब्यात मात्र कोणी आले नाही. येताना गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली, तेव्हा तिकडचे सगळेच घड्याळाच्या काट्यावर चालते असेही नाही.

पण एका गोष्टीचे आम्हांला फार कौतुक वाटले. बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर ३,००० व्होल्टची वीज, त्यांच्याच नव्या वेगवान मार्गावर आपल्यासारखी २५,००० व्होल्टची, तर जर्मनीत १५,००० व्होल्टची! सिग्नलच्या पद्धतीही वेगळ्या. हे सारे पेलणारी गाडीच त्यांनी बनवली. प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता आपल्या दारची गोष्ट. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बेळगावहून गोव्याला जाणारी गाडीही एके काळी दोन राजवटींमधून धावत होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर हा मार्ग आखला गेला आणि १८८८ मध्ये मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतची रेल्वे खुली झाली. दोन्ही बाजूंचे रूळ मीटरगेजचेच, त्यामुळे डबे सरळ पुढे जात. अडत होता तो माणूस. कॅसलरॉकला इंग्रजांचे आणि घाट उतरल्यावर कुळ्याला पोर्तुगिजांचे जकात नाके. आमच्या सासूबाईंचे माहेर मडगावचे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना पेटीतील लुगडी एकेक करून बाहेर काढून मोजली, हे त्या म्हातारपणीही रागाने सांगत.

पुढे १९५५ मध्ये ही वाहतूकच बंद पडली. रूळ जागेवर होते, पूल शाबूत होते. पण सासूबाईंची माहेरची वाट बंद झाली. वडील गेल्याचे त्यांना पत्राने कळले, तेही पंधरा दिवसांनी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर गाडी पुन्हा धावू लागली, तेव्हा त्या आईला भेटू शकल्या.

तिकडे वीज तीन तऱ्हांची असूनही गाडी थांबली नाही. इकडे रूळ एकच असूनही थांबली. वेग, स्वच्छता, वक्तशीरपणा हवेतच, आणि आपल्या गाड्यांत त्यांची उणीव भासते तेव्हा आपण तसे स्पष्ट म्हणावे. परंतु रेल्वे चांगली की वाईट हे ठरवताना आणखी एक प्रश्न विचारावा: ती माणसाला आपल्या माणसापर्यंत पोहोचवते का?

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याला जाल तेव्हा खिडकीतून दूधसागर तर पाहालच. त्याआधी कॅसलरॉक येते, तेही पाहा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्या नाक्याविषयी त्यांना जरूर विचारा.