मिठाची ओल

कोऱ्या कापडापेक्षा त्यावर बसलेला धुळीचा पातळ थरच हवा अधिक चांगली गाळतो, हे आमच्या धंद्यात कोणाला सांगावे लागत नाही; परंतु इमारतीच्या वायुवीजनासाठी स्वतःस झाडून घेणारा फिल्टर घडवू पाहणाऱ्याची हयात त्या थराचा किती अंश पाडावा आणि किती राखावा, या एका प्रश्नात जाते. माझी तशीच गेली.

हा निवाडा मी कानाने करीत आलो. पाच-सहा बार दाबाची हवा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापुरती सोडली की फिल्टरची कापडी पिशवी फुगते आणि परत आतल्या पिंजऱ्यावर आपटते; थर कोरडा असला तर तो नाद आखूड व खणखणीत येतो आणि खाली हॉपरमध्ये पापडाच्या चुऱ्यासारखे पापुद्रे पडतात, ओला असला तर आवाज बद्द होतो आणि काहीच पडत नाही. केवळ हा आवाज ऐकण्यासाठी लोक मला लांबलांबच्या इमारतींवर बोलावीत, आणि त्याचा मला फार अभिमान होता. हल्ली तो फरक मला ऐकू येत नाही.

उन्हाळ्यात त्याने अडत नाही. दाबाच्या फरकावर झटके सोडणारे यंत्र पुरेसे असते. खरा पेच मुंबईच्या आषाढ-श्रावणातला. समुद्राकडून आलेला मिठाचा कण सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला विरघळतो आणि बांधकामांची धूळ कापडाच्या विणीत चिकटवून टाकतो. मात्र आर्द्रता ७५ च्या खाली आणली म्हणून तो लगेच सुकत नाही, शुद्ध मिठाचा सूक्ष्म थेंब तर ४५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत ओलाच राहतो. ९० टक्के आर्द्रतेची हवा तेथवर आणावयाची तर ती सुमारे १२ अंशांनी तापवावी लागते, आणि जी हवा पुढे थंड करावयाची ती आधी तापवा, अशी शिफारस कोणता मालक मंजूर करील? म्हणून रात्री डँपर लावून एकेक कप्पा बंद करावा आणि वातानुकूलनाच्या कंडेन्सरची वाया जाणारी उष्णता त्यात खालून सोडावी, अशी तजवीज मी केली. थर सुकला केव्हा, हे मात्र कानावरच राहिले.

टायटॅनियम डायऑक्साइडचा मुलामा दिलेले फिल्टर ‘स्वयंशुद्ध’ म्हणून विकणाऱ्यांविषयी माझे मत कठोर आहे. फुजिशिमा आणि होंडा यांचे पाण्याच्या विघटनावरील १९७२ चे संशोधन थोर आहे, अतिनील प्रकाशात तो मुलामा सेंद्रिय मळ जाळतो हेही खरे. पण वाळू, सिमेंट आणि मीठ यांत जळण्याजोगे असते काय?

माझ्या हाताखाली आलेल्या शिकाऊ अभियंता मुलीने थरात दोन तारा खोवल्या. "सर, मीठ ओलं असेतो वीज वाहणार, सुकलं की थांबणार. झटका तेव्हाच सोडायचा." इतके सरळ होते ते. तरीही मंजुरीला मी पावसाळा संपेपर्यंत मुदत मागितली, आणि तिचे कारण तांत्रिक नव्हते. माझ्या कानाची गरज संपते आहे, हे मला सोसवत नव्हते.

तारा आता बसल्या आहेत. थर तळाशी जाड असतो म्हणून तळच शेवटी सुकतो, असे तिचे म्हणणे. गरम हवा खालून येते, तेव्हा वरचे टोक शेवटी सुकते, असे माझे. येत्या आषाढात दोन्ही ठिकाणी तारा घालून पाहण्याचे ठरले आहे.