घराला माणूस हवं

सुटीत कुठे जायचे हे ठरवायला मध्यमवर्गीय घरात फारसा वेळ लागत नाही. आपली ऐपत, नातेवाइकांचे सल्ले आणि गेल्या वर्षी शेजारी कुठे जाऊन आले, या तीन गोष्टी मिळून तो प्रश्न परस्पर सोडवून टाकतात. खरा वेळ जातो तो कोणी कोणी जायचे हे ठरवण्यात. आणि घरात दोन मुले, एक कुत्रा, एक मांजर व काचेच्या भांड्यातले चार मासे असले, म्हणजे तर हा प्रश्न आघाडीच्या मंत्रिमंडळातील खातेवाटपासारखा चिघळत जातो.

माझ्या लहानपणी आम्ही पुण्यात वाड्यात राहत होतो. तिथे हा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. वाड्यातली मांजर कुणा एकाची नव्हती. आठ बिऱ्हाडांत मिळून तिचे आठ वार लावलेले असत. मालकांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असे. आज देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा मात्र तो आम्हां पोरांचा सवंगडी होता. आम्ही मे महिन्यात वळकट्या बांधून कोकणात गेलो, तरी वाड्यात कुणी ना कुणी असेच. शिवाय आमच्या घरी आत्या असायची. आम्ही सारे निघालो की ती दारात उभी राहून म्हणायची, "जा रे बाबांनो सुखरूप. मी आहे. घराला माणूस हवं." तिलाही समुद्र पाहावासा वाटत असेल, हे आम्हां मुलांच्या मनातही येत नसे. आत्या ही घराची कडीच, असे आम्ही धरून चाललो होतो.

आता वाडा गेला, सदनिका आली. दार लोटले की शेजार संपला. आमच्याकडे वाघ्या आला तो नऊ वर्षांपूर्वी. नाव वाघ्या, पण दिवाळीतला पहिला सुतळी बाँब फुटला की हा वाघ न्हाणीघरात बादलीमागे दडून थरथरतो. त्यात त्याचा दोष नाही. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी कळतात, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचे. आपल्याला जी गंमत वाटते, ती त्याच्या कानाशी झालेली मारामारी असते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, की रागावून भीती जात नाही; खिडक्या लावा, अंधारा कोपरा द्या आणि माणसांच्या गोळ्या मुळीच देऊ नका. सौ. म्हणाली, त्यापेक्षा दिवाळीच्या सुटीत फटाके कमी असतील अशा गावी जावे. अशा रीतीने आमची सुटी कुत्र्याने ठरवली.

गुहागरचे नाव निघाले. चिपळूणपर्यंत कोकण रेल्वेने जाऊ म्हणून चिरंजीवांनी मोबाईलवर नियम वाचून दाखवले. पूर्वी एकशेवीस दिवस आधी आरक्षण करता येई. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत साठ दिवसांची झाली. म्हणजे कौटुंबिक भांडणासाठी मिळणारा अवधीच निम्म्यावर आला! पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. कन्या अकरा वर्षांची, म्हणजे तीही पूर्ण. आणि वाघ्या? त्याला बरोबर घ्यायचे तर पहिल्या वर्गाचा कूपे किंवा अख्खा कप्पाच आपल्या नावे हवा. नाही तर त्याने गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यातून एकट्याने जायचे. पहिल्या वर्गाचा आणि प्राध्यापकी पगाराचा पूर्वापार परिचय नाही. कन्येने जाहीर केले, "वाघ्या पिंजऱ्यातून जाणार असेल, तर मी पण पिंजऱ्यातून जाणार."

मी मराठीचा प्राध्यापक. अडचणीच्या वेळी मला पुराणे आठवतात. मी मुलांना महाप्रस्थानाची कथा सांगितली. पांडव द्रौपदीसह हिमालयाकडे निघाले, मागून एक कुत्रा चालू लागला. वाटेत द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. उरले धर्मराज आणि कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला व म्हणाला, स्वर्गात कुत्र्याला जागा नाही. धर्मराजाने सांगितले, मग मलाही नको. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्मच होता, वगैरे.

माझा तास चांगला रंगला होता. पण कन्येने विचारले, "मग द्रौपदी पडली, तेव्हा तो थांबला का नाही?"

जो तो आपापल्या दोषामुळे पडला, असे ग्रंथात म्हटले आहे, हे मी तिला समजावून दिले. तिचे समाधान झाले नाही. "म्हणजे कुत्र्यासाठी भांडला आणि घरच्या माणसांसाठी नाही," असा निकाल देऊन ती आजीकडे वळली. "आजी, तू येणार ना?"

आई मेथी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी कशाला? वाघ्याला घरीच राहू दे, मी बघते त्याला. घराला माणूस हवं."

तेच शब्द. जणू पाटल्यांची जोडी आत्याच्या हातून आईच्या हाती आली होती. मी काही बोलणार एवढ्यात सौ. म्हणाली, "सासूबाई, तुमच्यानंतर हे वाक्य माझ्याकडे येणार. मला नको आहे ते. तुम्हीच मोडीत काढा."

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बेत नव्याने सुरू झाला. रेल्वे रद्द, मोठी गाडी भाड्याने घ्यायची आणि वाघ्याला बरोबर न्यायचे. कुत्र्याला नेले की आईचे कारण संपत होते. तिने आणखी तीन कारणे काढली: गुडघे, दूधवाला आणि मनी. गुडघ्यांसाठी पुढची बैठक दिली, दूध बंद केले. मांजराचा जीव माणसापेक्षा जागेत अधिक रमतो, म्हणून मनीला घरातच ठेवून किल्ली खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे दिली. मोबदल्यात मे महिन्यात त्यांच्या कुंड्यांना पाणी घालायचे आम्ही कबूल केले. माशांसाठी मात्र कडक सूचना लिहून ठेवली, की चार दिवस काहीही घालू नका. धडधाकट मासे तेवढे उपाशी राहू शकतात. मायेने ओतलेल्या खाद्याने पाणी नासते आणि मासे जातात ते त्यानेच. गुहागरच्या घरगुती खानावळीत फोन केला, "कुत्रा चालेल का?" पलीकडून उत्तर आले, "आम्हांला चालेल हो, आमच्या कुत्र्याला चालेल का ते तुम्ही आल्यावर बघू."

प्रवासाचे शास्त्रही आम्ही शिकलो. निघण्यापूर्वी काही तास वाघ्याला खायला द्यायचे नाही, पाणी द्यायचे. दर दोन तासांनी उतरवायचे. गळपट्ट्याला दूरध्वनी क्रमांक आणि पिशवीत रेबीजच्या लशीचा दाखला ठेवायचा. आणि बंद गाडीत त्याला पाच मिनिटेही एकटे सोडायचे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता घालवतो. उन्हात उभी गाडी त्याला भट्टी होते. उंब्रजला महामार्ग सोडून पाटण, कोयनानगर करीत आम्ही कुंभार्ली घाटाला लागलो. वळणांवर उलटी झाली ती चिरंजीवांना. वाघ्या खिडकीशी नाक लावून शांत होता.

संध्याकाळी सुपारीच्या वाड्यांमधून समुद्रावर गेलो. वाघ्या खारे पाणी पिऊ नये म्हणून त्याचा पट्टा आईच्या हाती दिला होता. तो लाटेकडे धावला, तशी तीही ओढत पाण्यात गेली. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून ती म्हणाली, "तुझ्या जन्माच्या आधी एकदा आले होते. वाळू तशीच सरकते रे पायाखालून." मला त्या क्षणी आत्या आठवली. तिला हे सांगायला कोणी विचारलेच नव्हते.

सामानाची यादी तर आपण सारेच करतो. औषधे, चार्जर, चिवड्याचा डबा, सारे तिच्यात असते. माझे सुचवणे इतकेच, की तिच्याआधी मागे राहणाऱ्यांची यादी करावी आणि त्यातल्या प्रत्येक नावापुढे खरे कारण लिहावे. मांजर राहिली, कारण तिला तिथेच बरे वाटते. मासे राहिले, कारण त्यांचा इलाज नाही. माणसाच्या नावापुढे असे कारण सापडत नसेल, तर गाडीत एक जागा वाढवावी.

या वर्षीचा बेत अजून पक्का नाही. पण परवा आईने वाघ्याची पिशवी माळ्यावरून काढायला लावली. दाखला, वाटी, जुनी चादर तिने आत ठेवली, आणि कडेच्या कप्प्यात, कुणाला न विचारता, आपल्या गुडघ्यांचे तेल.