ढकललं पुण्यात, बदललं दिंडोरीत

थांबा, आधी हे ऐका. पुण्यात घरी बसून मी कोडमधली एक ओळ बदलली, टर्मिनलवर एक आज्ञा टाइप केली आणि एंटर मारलं. तिकडे दिंडोरी तालुक्यात, मामांच्या द्राक्षबागेतल्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरशेजारी टांगलेल्या डबीतल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाने ते नवं सॉफ्टवेअर आपणहून ओढून घेतलं आणि चालवायला सुरुवात केली. तिच्यामागोमाग आसपासच्या बागांतल्या बाकीच्या डब्यांनीही. कुणाला फोन नाही, 'जरा वायर काढून परत लावा हो' नाही, नाशिकच्या बसमधली खिडकीची जागा नाही. सॉफ्टवेअरमध्येच पोट भरते मी, तरी अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू!

ज्यांचं हे रोजचं काम आहे ते हसतील. हसू देत.

डबीत काय आहे ते सांगते. द्राक्षवाला माणूस पावसाला घाबरतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण पानं किती तास ओली राहिली, याला तो त्याहून जास्त घाबरतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटवे कोवळे असताना दोन दिवस ढगाळ गेले, दव पडलं, अवकाळीची एक सर येऊन गेली की डाऊनी हा बुरशीचा रोग दारात उभा. फवारणी कधी घ्यायची, हे त्या ओल्या तासांवर ठरतं. म्हणून वेलींमध्ये पानासारखी एक पट्टी लावतात. पाणी बसलं की तिचा विद्युतरोध बदलतो, आणि त्याबरोबर तिच्याकडून येणारे व्होल्टही. रास्पबेरी पायला असे कमीजास्त होणारे व्होल्ट थेट वाचता येत नाहीत, म्हणून मध्ये एडीएस१११५ नावाची नखाएवढी चिप बसवायची. सोबत तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर, इंटरनेटसाठी सिमकार्डाचा डोंगल, आणि वीज गेली तर थोडा वेळ तग धरायला बॅटरी. इतकंच.

यंत्र सोपं, सॉफ्टवेअरही सोपं. अवघड होतं ते एकदा लावलेलं सॉफ्टवेअर पुन्हा बदलणं. जुन्या रीतीत प्रत्येक डबीपाशी जायचं, स्क्रू काढायचे, मेमरी कार्ड लॅपटॉपला लावायचं, पुन्हा स्क्रू. लांबून लॉगिन करायचं म्हटलं तर सिमवर चालणाऱ्या यंत्राला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ताच नसतो. मोबाइल कंपनी असंख्य ग्राहकांना एकेका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. या एका अडचणीपुढे आम्ही सगळे हात टेकतो आणि मुकाट्याने बसचं तिकीट काढतो.

आणि इथेच ती सुंदर उलटापालट आहे! बाहेरून आत जाता येत नाही ना? मग जायचंच नाही. यंत्रालाच बाहेर येऊन विचारू द्यायचं.

त्यासाठी मी वापरली ती सेवा म्हणजे बलेना. डॉकर म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या साहित्यासकट एका गाठोड्यात बांधून चालवायची सोय. २०१३ मध्ये ते जगापुढे आलं, तेव्हा ते डेटा सेंटरमधल्या सर्व्हरांसाठी होतं. त्याच वर्षी या मंडळींनी ते रास्पबेरी पायच्या एआरएम चिपवर चालवून दाखवलं. तेव्हा त्यांचं नाव होतं रेझिन, २०१८ मध्ये बलेना झालं. त्यांच्या संकेतस्थळावरून ऑपरेटिंग सिस्टीमची इमेज उतरवायची आणि कार्डावर लिहायची. आपल्या ताफ्याची, म्हणजे सगळ्या डब्यांच्या गटाची, ओळख त्या इमेजमध्येच असते. कार्ड घालून वीज दिली की डबी पहिल्यांदा जागी होते, सर्व्हरकडे जाऊन स्वतःची नोंद करते, स्वतःची किल्ली घेते, आणि तिला एक नावही मिळतं. विशेषण अधिक नाम, दोन इंग्रजी शब्द, कुठल्यातरी यंत्राने चिठ्ठ्या काढाव्यात तसे जुळवलेले. मला ती नावं इतकी आवडली की मी ती बदलून 'मामा-वरची-बाग' वगैरे करायचं कितीतरी दिवस टाळलं.

मग पहिला पुश. हा प्रसंग जरा सावकाश सांगू द्या. फोल्डरमध्ये एक डॉकर-कंपोज फाइल. तिच्यात तीन सर्व्हिसेस: एक सेन्सर वाचणारी, दुसरी मॉस्किटो, म्हणजे आतल्याआत निरोप पोचवणारा एमक्यूटीटी ब्रोकर, आणि तिसरी ते निरोप गोळा करून बाहेर पाठवणारी. (एमक्यूटीटी जन्मलं १९९९ मध्ये, तेलवाहिन्यांची माहिती उपग्रहामार्फत आणायला. बँडविड्थ महाग आणि लाइन बेभरवशाची, हे गृहीत धरूनच ते बनवलंय. आमच्या शिवारातल्या नेटवर्कला याहून योग्य काय असणार?) 'बलेना पुश' आणि ताफ्याचं नाव टाइप केलं. सगळं फोल्डर त्यांच्या सर्व्हरवर गेलं, तिथे एआरएमसाठी बांधणी सुरू झाली, माझ्या लॅपटॉपला काही तोशीस नाही. स्क्रीनवर ओळी धावतायत, पायथनची पॅकेजेस उतरतायत, आणि सगळं नीट पार पडल्यावर शेवटी टर्मिनलवर अक्षरं आणि चिन्हं जोडून काढलेला चक्क एक एकशिंगी घोडा उभा राहिला! मी एकटीच मोठ्याने हसले.

तेवढ्यात दुसऱ्या खिडकीत डॅशबोर्डवर हालचाल सुरू. आधी एका डबीसमोर 'डाउनलोडिंग' आणि टक्क्यांची पट्टी, मग दुसरीसमोर. एकीला नेटवर्क चांगलं, ती पुढे पळाली. ओढ्याकाठची नेहमीसारखी रेंगाळली. 'इन्स्टॉलिंग'. मग 'रनिंग'. आणि लॉगमध्ये दिंडोरीतलं तापमान! घोड्यांच्या शर्यतीत पैसे लावलेला माणूस जसा बघत असेल तशी मी ती पट्टी बघत होते.

यात मी कुठल्याही डबीला 'हे कर, मग ते कर' असं सांगितलेलंच नाही. आजी गावाला जाताना म्हणायची, मी येईन तेव्हा देवघर असं दिसलं पाहिजे. आधी झाडू की आधी पुसणं, याच्याशी तिला कर्तव्य नसे. माझी फाइल तेवढंच सांगते: या तीन सर्व्हिसेस, या आवृत्तीच्या, चालू दिसल्या पाहिजेत. प्रत्येक डबीत सुपरवायजर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो. तो सर्व्हरकडून 'काय असायला हवं' ते आणतो, 'काय आहे' ते बघतो, आणि दोन्हींत फरक असेल तर तो मिटवतो. फरक नसेल तर गप्प बसतो. एखादी डबी आठवडाभर बंद राहिली तरी हरकत नाही. जागी झाली की विचारेल, फरक बघेल, स्वतःला ताज्या स्थितीत आणेल. राहून गेलेल्या आज्ञा क्रमाने पाठवत बसायची गरजच नाही, कारण आज्ञा मुळात नाहीतच.

ही कल्पना काल-परवाची नाही. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं, त्याचा गाभा हाच होता: यंत्राची हवी ती स्थिती लिहून ठेवा, यंत्र आपलं आपण तिथे येईल. पुढे सर्व्हरांच्या जगात हाच विचार सगळीकडे पसरला. पण सर्व्हर थंड खोलीत, अखंड विजेवर राहतात. हीच गोष्ट पत्र्याच्या खोलीत, भारनियमनात, दीड काडीच्या नेटवर्कवर चालते, हे माझ्यासाठी नवं.

भारनियमनाचंच घ्या. अपडेट अर्ध्यावर असताना वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्या तर? मी मुद्दाम वाचून काढलं. नव्या आवृत्तीसाठी ठरलेली रीत आहे 'डाउनलोड-देन-किल', म्हणजे नवं पूर्ण उतरवून होईपर्यंत जुनं चालू ठेव, मगच त्याला बंद कर. नाव खुनशी, वागणं फार सभ्य. जागा अपुरी असेल तर उलटी रीत निवडता येते. क्षणभरही खंड नको असेल तर 'हँड-ओव्हर' आहे, त्यात नवं उभं राहून कामाला लागेपर्यंत जुनं चालूच राहतं. ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची असली तरी हाच सावधपणा. कार्डावर तिच्यासाठी दोन भाग असतात, ए आणि बी. चालू आहे एकावर, नवी लिहिली जाते दुसऱ्यावर, आणि पूर्ण झाली की डबी दुसऱ्यावरून उठते. तिथे नीट उठता आलं नाही तर परत पहिल्यावर. शिवारातल्या डबीची वीट होऊन बसायची भीती या दोन भागांनी किती कमी केली असेल!

आणि डेटा पॅक? संपूर्ण इमेज शेकडो एमबींची, प्रत्येक बदलाला ती उतरवली तर रोजचा कोटा सकाळीच संपेल. पण एकदा डबीवर जुनी आवृत्ती असली की सर्व्हर जुन्या-नव्यातला फरक काढून तेवढाच पाठवतो. एक ओळ बदलली तर पट्टी दिसते न दिसते तोच भरते. आकड्यांसाठी तर तेवढंही नको. पानं किती तास ओली राहिली की इशारा द्यायचा, हा आकडा मी कोडमधून काढून डबीच्या चलांमध्ये ठेवलाय. ओढ्याकाठच्या बागेला वेगळा, वरच्या बागेला वेगळा. बदलला की सर्व्हिस नव्या आकड्यानिशी पुन्हा सुरू होते, काहीही उतरवावं लागत नाही.

सगळ्यांत गोड गोष्ट कुलपाची. सेन्सरच्या नोंदी चालू असताना मध्येच अपडेट येऊन प्रोग्रॅम बंद पडला तर अर्धवट नोंद हाती येते. उपाय काय? प्रोग्रॅमने ठरलेल्या जागी एक कुलपाची फाइल धरून ठेवायची. ती आहे तोवर सुपरवायजर नवी आवृत्ती हातात घेऊन बाहेर थांबतो. काम संपलं, कुलूप सोडलं, की मग आत. दोन प्रोग्रॅमांमधली ही 'येऊ का?' 'थांबा जरा' मला फार घरगुती वाटली.

धोकाही सांगायला हवा, नाहीतर जाहिरात वाटेल. जितक्या सहज चांगलं सगळीकडे जातं तितक्याच सहज वाईटही जातं. म्हणून बाकीचा ताफा मी जुन्या आवृत्तीला खिळवून ठेवते आणि नवी आधी एकट्या मामांच्या डबीवर सोडते. मामा रोज सकाळी मोबाइलवर आकडे बघतातच, त्यांच्यासारखा तपासनीस पगार देऊनही मिळायचा नाही. पहिल्या दहा डब्यांना पैसे पडत नाहीत. त्यापुढे वाढलं तर ओपनबलेना आहे, सर्व्हरची बाजू खुल्या स्वरूपात, स्वतःच्या यंत्रावर चालवायची. ती देखभाल आपल्या माथी येते, हे मात्र धरून चालायचं.

मामांना फोन लावून म्हटलं, "मामा, आजपासून इशारा नव्या हिशेबाने येईल."

"कधी येऊन गेलीस गं? मामीला भेटली पण नाहीस."

"आलेच नाही मामा. इथूनच केलं."

"मग डबी उघडली कुणी?"

"कुणीच नाही. तिनंच विचारलं, तिनंच घेतलं."

क्षणभर काही बोलले नाहीत. मग द्राक्षवाल्याच्या व्यवहारी आवाजात म्हणाले, "बरं, मग शेततळ्यात पाणी किती राहिलं तेपण सांगायला लाव की तिला."

कंपोज फाइलमध्ये त्याच संध्याकाळी चौथी सर्व्हिस लिहिली, पुश केली, घोडा दिसला. पाण्याची पातळी ध्वनिलहरींनी मोजणारा सेन्सर मागवलाय, तो अजून कुरियरमध्ये आहे. तिकडे कोड चालू होऊन दर मिनिटाला 'सेन्सर सापडत नाही' असं लॉगमध्ये लिहितोय. वायर जोडायला मात्र जावंच लागणार, आणि मामी या वेळी जेवल्याशिवाय सोडायची नाही.