अपक्वाहार आणि परगृहींचें पान

गेलीं चार वर्षें मी अग्निसंस्कार न झालेल्या अन्नावर राहत आहें. भिजवलेले शेंगदाणे, मोड आलेले मूग व मटकी, काकडी, गाजर, मुळा, ओलें खोबरें, खजूर आणि ऋतुमानाप्रमाणें मिळतील तीं फळें, एवढाच माझा स्वयंपाक; म्हणजे स्वयंपाकच नाहीं म्हणा ना! हा प्रयोग कांहीं नवा नव्हे. महात्मा गांधींनीं १८९३ सालीं प्रिटोरिया येथें व पुनः १९२९ सालीं तो करून पाहिला, आणि दोन्ही वेळां प्रकृतीस न मानवल्यामुळें सोडून दिला. तेव्हां वाचकांनीं माझें अनुकरण करावें असा माझा बिलकुल आग्रह नाहीं. मी स्वतः वैद्यकीय सल्ल्यानें चालतों. वनस्पतींत न मिळणारें ‘बी-१२’ हें जीवनसत्त्व गोळीच्या रूपानें घेतों. कच्चा राजमा विषारी म्हणून त्याच्या वाटेस जात नाहीं. आणि कच्चें अळू चाखण्याचा मोह तर घशाची खाज एकदां अनुभवलेल्या कोणासही होणार नाहीं.

घरीं हें सारें सुकर आहे. खरी परीक्षा उंबरठ्याबाहेर.

माझी धाकटी बहीण नागपुरास असते. तिच्याकडे जावयाचें म्हणजे पुण्याहून गाडींत दिवसरात्र काढावयाची. अशा वेळीं मूग रात्रीं भिजत घालून निघतांना ओल्या फडक्यांत बांधावे. वाटेंतच त्यांना मोड येतात. मात्र पुरचुंडी पिशवीच्या तळाशीं कोंडून ठेवूं नये. उन्हाळ्यांत मूग आंबतात व डब्यांतील सहप्रवासी आपल्याकडे संशयानें पाहूं लागतात. नारळ घरींच फोडून खोबरें डब्यांत घ्यावें. एक सुरी, दोन लिंबें, चिमूटभर मीठ, आणि धुण्यास व पिण्यास घरचें पाणी, एवढें असलें कीं झालें. फलाटावरचीं चिरलेलीं फळें कितीही रसाळ दिसोत, तीं वर्ज्य. ज्याची साल आपल्या हातानें निघते तें निर्धोक, हा माझा नियम. त्या दृष्टीनें हा लोहमार्ग मोठा दयाळू आहे. वाटेंत जळगांव-भुसावळकडचीं केळीं, आणि हिंवाळा असेल तर मुक्कामावर संत्रीं. पावसाळ्यांत मात्र मी कच्ची पालेभाजी खात नाहीं. पूर्वजांनीं चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यांत शाकव्रत सांगितलें, त्यांचा हेतु कांहींही असो. चिखलपाण्यांतून आलेली मेथीची जुडी हातीं घेतली कीं मला तें शहाणपणाचें वाटतें.

लग्नकार्यांतही उपाय सांपडतो. पंगतीच्या पानाची उजवी बाजू चुलीची. डावीकडे मात्र लिंबू, मीठ, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि कोशिंबीर. मी चार वर्षें डाव्या बाजूचा मनुष्य झालों आहें. कोशिंबिरीला फोडणी पडण्यापूर्वीं एक वाटी बाजूला काढावयास आचाऱ्यास विनविलें कीं काम भागतें. हल्लींच्या उभ्यानें जेवण्याच्या पद्धतीवर मी पूर्वीं पुष्कळ तोंडसुख घेतलें. परंतु काकडी-टोमॅटोचीं ताटें तेथें मांडलेलींच असतात आणि आपण काय खातों इकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं, ही सोय मान्य केलीच पाहिजे. पंगतींतल्या आग्रहाला चुकविणें त्याहून फार कठीण. नागपुरास बहिणीनें ‘दादा, निदान एक पुरणपोळी’ म्हणून डोळ्यांत पाणी आणलें, तेव्हां शेवटीं पोळी तिच्या नातवास वाढवून मी तिच्याकडून नारळ फोडून घेतला.

बहीण रागावली तरी बहीणच राहते. सर्व घरीं तसें नसतें, आणि हा लेख लिहिण्याचें कारण तेंच आहे.

आपल्या घरांतून एके काळीं कडक नियम असे. शिधा, म्हणजे शास्त्राच्या भाषेंत आमान्न, आणि फळें पुष्कळांच्या हातून चालत. अग्नीवर शिजलेलें मात्र ठराविक हातचेंच. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें नुसता चहा पुढें आला, तर त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें! रानडे-टिळकांसारख्यांसही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यांतून जावें लागलें. माझे आजोबाही परगांवीं गेले कीं दाणे-गूळ आणि केळीं खाऊन राहत. ज्यांच्या ओसरीवर बसून ते केळीं खात, त्यांना या सोंवळ्याचा अर्थ नीट समजत असे.

आतां पाहा. मी आज जें खातों तें जवळजवळ तेंच आहे.

गेल्या संक्रांतीच्या सुमारास माण तालुक्यांतील एका खेड्यांत माझ्या जुन्या विद्यार्थ्यानें नवें घर बांधलें म्हणून मला बोलाविलें. माझे आजोबा त्याच्या आजोबांच्या घरचें पाणीही प्याले नसते. मीं आपल्या आहाराविषयीं त्यास आधीं कळविलें होतें, आणि त्यानें गाजरें, बोरें, पेरू असें ताट सजवून ठेवलें होतें. त्याची वृद्ध आई चुलीपाशीं बाजरीच्या भाकरी थापीत होती. ताट पाहून ती हलकेच म्हणाली, “गुरुजी, आमच्या चुलीवरचं चालत न्हाई व्हय तुमास्नी?”

मुलगा गडबडला. “आई, सरांचा आहारच तसा आहे, ते कुणाकडेच खात नाहीत,” असें तो समजावूं लागला. त्याचें बोलणें अक्षरशः खरें होतें. “आसंल,” एवढेंच म्हणून ती पुनः भाकरीकडे वळली. हें उत्तर तिनें आयुष्यांत पूर्वींही ऐकलें असावें. निमित्त तेवढें निराळें.

मीं पाट उचलला, चुलीजवळ नेऊन मांडला आणि म्हटलें, “आई, तव्यावरची वाढा.” तिनें माझ्याकडे नीट पाहून घेतलें व अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेविली. पिठलें वाढलें. मग उरलेली अर्धी न विचारतांच आली.

व्रतभंग झाला काय, असें एका स्नेह्यानें मागाहून विचारलें. मीं त्यांस म्हटलें, व्रत माझ्या पोटाचें आहे. त्याचा भुर्दंड त्या माउलीनें कां भरावा? त्यांना हें पटलें नाहीं. एक दिवस सवलत घेतली कीं दुसरा येतोच, असें त्यांचें मत आहे, आणि बहुतेक माणसांच्या बाबतींत तें बरोबरही असेल.

त्या रात्रीं पोट किंचित् जड झालें. दुसऱ्या दिवशीं पुनः मूग आणि गाजरें. निघतांना तिनें पिशवींत हरभऱ्याचे डहाळे कोंबले. ते सोलीत सोलीत मी पुण्यापर्यंत आलों, आणि कचरा सांडला म्हणून वाहकाचीं बोलणीं खाल्लीं.